‘विंग्ज फॉर लाइफ’ धाव आणि रेड बुल: चव, परिणाम आणि मदत यांचा विचार कसा करावा?

तळजाईकर:
मे महिन्यात होणाऱ्या ‘विंग्ज फॉर लाइफ वर्ल्ड रन’मध्ये आमचा पुण्यातील धावकांचा गट ॲपच्या साहाय्याने भाग घेणार आहे. ही धाव जगभर एकाच क्षणी सुरू होत असल्यामुळे आपल्याकडे तिची वेळ दुपारी ४:३० अशी, म्हणजे ऐन उन्हाची येते. गटातील काही जणांचा आग्रह आहे की, धावण्यापूर्वी प्रत्येकाने रेड बुल या कॅफीनयुक्त पेयाचा एक कॅन घ्यावा. त्याने तरतरी येते आणि शिवाय मज्जारज्जूच्या संशोधनाला हातभार लागतो, असे त्यांचे म्हणणे आहे. गटात महाविद्यालयीन मुलींपासून साठी ओलांडलेल्या काकांपर्यंत सर्व वयाची मंडळी आहेत आणि वर्गणी गोळा करण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. चव आणि परिणाम या दोन्ही दृष्टींनी हे पेय कसे आहे, आणि कॅनसाठी दिलेल्या पैशाने खरोखर मदत होते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शाल्मली_प:
प्रथम पैशाविषयी. ही धाव ज्या संस्थेसाठी होते, ती ‘विंग्ज फॉर लाइफ’ ही मज्जारज्जूच्या संशोधनाला निधी देणारी संस्था २००४ साली ऑस्ट्रियात स्थापन झाली. मोटोक्रॉसचे माजी विश्वविजेते हाइन्त्स किनिगाडनर यांच्या मुलाला २००३ मध्ये अपघातात मज्जारज्जूची गंभीर इजा झाली, आणि त्यानंतर त्यांनी रेड बुलचे डीट्रिख माटेशिट्स यांच्यासह हे काम उभे केले. संस्थेचा प्रशासकीय खर्च कंपनी उचलते, त्यामुळे धावेचे प्रवेशशुल्क आणि देणग्या पूर्णपणे संशोधनाकडे जातात. ही व्यवस्था मला मनापासून आदरणीय वाटते. परंतु शंभर टक्क्यांचा हा शब्द शुल्क आणि देणग्यांबद्दलचा आहे. दुकानातून घेतलेल्या कॅनची किंमत ही त्या पेयाचीच किंमत असते. तेव्हा मदत करायची असेल, तर वर्गणी शुल्कासाठी घ्यावी आणि उरलेली रक्कम थेट देणगी म्हणून द्यावी. कॅन ज्याला हवा असेल, त्याने तो स्वतःच्या खिशातून घ्यावा.

अरविंद_सातारा:
चवीबद्दल लिहितो. पेयामागचा हेतू चांगला असला की जिभेलाही ते थोडे अधिक आवडू लागते. म्हणून चव पाहताना कॅन बाजूला ठेवून पेय साध्या काचेच्या ग्लासात ओतावे आणि दुसऱ्या एखाद्या पेयासह, कोणते कोणते आहे हे न सांगता, चाखायला द्यावे. ग्लासात ओतल्यावर रंग फिकट सोनेरी दिसतो आणि वास आधी नाकाशी येतो: लिमलेटच्या गोळीसारखा, पण त्याहून तीव्र. पहिल्या घोटाला आंबटपणा आणि बुडबुड्यांची चुणचुण जाणवते, मग गोडी पसरते, आणि घोट गिळल्यानंतर जिभेच्या मागच्या बाजूला कॅफीनचा बारीक कडवटपणा उरतो. मला तो कडवटपणाच या पेयातील सर्वांत चांगला भाग वाटतो, कारण त्याने गोडीला लगाम बसतो.

तापमानाने मात्र सगळे चित्र बदलते. फ्रिजमधून काढलेले पेय स्वच्छ आणि धारदार लागते. तेच मेच्या उन्हात पाठपिशवीत तासभर राहिले, तर गोडी वर येते, वायू निघून जातो आणि घशाशी चिकटपणा राहतो. तुमच्या धावेच्या वेळी ते बहुधा दुसऱ्याच अवस्थेत हाती येईल. साखरविरहित प्रकार हलका लागतो, पण त्यातील कृत्रिम गोडी बराच वेळ तोंडात रेंगाळते.

डॉ_मृणाल:
मी धावते आणि धावणाऱ्यांना तपासतेही, म्हणून परिणामांबद्दल सविस्तर लिहिते.

भारतातील नियमांप्रमाणे अशा पेयांत लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ते ७५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, जे एका बऱ्यापैकी कडक कॉफीइतके होते. दीर्घ अंतराच्या धावण्यात कॅफीनचा उपयोग होतो हे खरे आहे, पण ज्या मात्रेवर तो प्रामुख्याने दिसून आला आहे, ती शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम इतकी आहे. साठ किलोच्या माणसाला एका कॅनमधून किलोमागे सव्वा मिलिग्रॅम मिळते. तेव्हा जागेपणा आणि उत्साह वाटेल, पण वेगात मोठा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि ती पूर्ण करण्यासाठी दुसरा कॅन तर मुळीच उघडू नये. या पेयातील टॉरीन (एक अमिनो आम्ल) आणि ब गटातील जीवनसत्त्वे यांच्यामुळे त्या संध्याकाळी काही विशेष जाणवेल असे मला वाटत नाही.

साखरेची बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. साध्या प्रकारात दर १०० मिलिलिटरला सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे संपूर्ण कॅनमध्ये २७ ग्रॅमच्या आसपास साखर असते. धावताना घ्यायच्या पेयांत हे प्रमाण साधारणपणे ६ ते ८ टक्के ठेवतात, कारण त्याहून दाट द्रव पोटातून सावकाश पुढे सरकतो आणि धावताना पोटात डचमळते. उन्हात घामावाटे जे पाणी आणि मीठ जाते, ते भरून काढण्यासाठी हे पेय बनवलेलेच नाही. मीठ-साखर घातलेले पातळ लिंबू सरबत त्या कामाला अधिक योग्य.

घेतल्यानंतर कॅफीन रक्तात सर्वाधिक होण्यास साधारण पाऊण तास लागतो आणि निम्मे उतरायला सुमारे पाच तास. चार वाजता घेतलेल्या कॅनचा अर्धा अंश रात्री नऊ वाजताही शरीरात असतो, म्हणून ज्यांची झोप हलकी आहे, त्यांनी याचा विचार करावा. गरोदर व स्तनदा स्त्रिया, लहान मुले आणि कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्तींनी हे पेय टाळावे, अशी सूचना कॅनवरच असते. तुमच्या काकांपैकी कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल, तर त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गटाचा आग्रह हे कारण पुरेसे नाही.

तळजाईकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गणी केवळ प्रवेशशुल्क आणि देणगीसाठी घ्यायची, आणि गटातर्फे पाणी व सरबत ठेवायचे, असे आज बैठकीत मांडतो. ज्यांना कॅन घ्यायचाच आहे, त्यांच्यासाठी येत्या रविवारी सकाळच्या सरावात चाचणी ठेवावी का?

डॉ_मृणाल:
चाचणी जरूर ठेवा, पण सकाळी नको. गार हवेत पोट आणि हृदय वेगळे वागतात. दुपारी चारला अर्धा कॅन घेऊन साडेचारला चार-पाच किलोमीटर हळू धावावे, सोबत कोणीतरी असावे, आणि छातीत धडधड, मळमळ किंवा हात थरथरणे यांपैकी काहीही जाणवले, तर थांबून सावलीत बसावे. त्या दिवशी दुपारनंतरचा चहा मात्र सोडावा, नाहीतर कशाचा परिणाम कोणता हे कळणार नाही.