खाडीत गरवायला घरच्यांसोबत एक दिवस: कुठे जावं, होडी घ्यावी का, काय न्यावं? (बजेट 5,000)

सायली_कोथरूड
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण कोकणात जातोय. मी, नवरा, मुलगा (11), मुलगी (6) आणि सासरे (72). मुलाला गरी टाकून मासा धरायचाच आहे, वर्षभर तोच धोशा लावलाय. सासऱ्यांचं बालपण दापोली तालुक्यात गेलं, त्यामुळे त्यांनाही हौस आहे, पण गुडघे साथ देत नाहीत. खोल समुद्रात जायचं नाही. खाडी किंवा खाडीचं मुख एवढंच. राहणं-जेवण सोडून होडी आणि सामान मिळून 5,000 पर्यंत खर्च करायची तयारी आहे. सध्या मालवणजवळचं देवबाग मनात आहे. होडी ठरवावी की काठावरून जमेल? सामान विकत घ्यावं का? आणि निघायचं किती वाजता?

रीलवाला_ठाणे
5,000 मध्ये होडी आणि सामान दोन्ही होणार नाही, आधीच सांगतो. माझं रीलच 18,000 चं आहे. 7 फुटी मीडियम रॉड, 4000 साइझचं रील, 20 पाउंडाची ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे 40 पाउंडाची फ्लुरोकार्बन लीडर (गरीकडचा जाड तुकडा), याच्या खाली उतरू नका. कालावलच्या खाडीत तांबोशी लागली की ती पहिल्याच झटक्यात कांदळवनाच्या मुळांत घुसते, तिथे स्वस्तातलं रील गिअरसकट बसतं. आमिषाच्या भानगडीत पडू नका, लूर म्हणजे खोटा मासा वापरा. बुडणारा मिनो आणि सॉफ्ट प्लास्टिक, दोन्ही प्रकारचे लूर ठेवा. मागच्या हिवाळ्यात पुलाच्या खांबाजवळ जो जिताडा काढला तो दोन्ही हातांनी उचलावा लागला होता. फोटो हवा असेल तर टाकतो.

देवबागकर
सायलीताई, देवबागात येतास तर सकाळीच होडी धरा. दुपारनंतर वारो सुटता, संगमाकडे पाणी उसळता, पोरांका त्रास होता. आमच्याकडचे गाबीत लोक खाडीत हातदोरीनच गरवतत. काठी नाय, रील नाय. तंगूस (नायलॉनची दोरी) बोटार घ्यायचो, शिसा तळाक टेकला की वायच वर उचलायचा, मासो ठोकता तो बोटाक कळता. 18 हजाराचा रील कित्याक व्हया? गरीक जिवंत सुंगटा (कोलंबी) लावा, नाय गावली तर ताज्या बांगड्याचो तुकडो.

घाटवेडा
कोथरूडहून मालवणला जाताना गगनबावड्याने उतरणार की फोंडा घाटाने? गगनबावड्याचा करूळ घाट रस्त्याची चौकशी केल्याशिवाय धरू नका. राधानगरीवरून फोंडा घाट आणि पुढे कणकवली, हा रस्ता मला कायम बरा वाटतो.

कोल्हापुरी_तांबडा
फोंड्याला वळणं कमी आहेत का? सहा वर्षांची मुलगी आहे त्यांना, गाडी लागेल. भुईबावडा घाट बघा.

घाटवेडा
भुईबावडा अरुंद आहे, समोरून मोठी गाडी आली की मागे घ्यायलाही जागा नसते. फोंडाच.

मनस्ताप_डोंबिवली
होडी ठरवताना डोळे उघडे ठेवा. आम्ही गरवायला म्हणून पूर्ण होडी ठरवली. त्याने आधी डॉल्फिन दाखवले, मग वाळूच्या बेटावर वॉटर स्पोर्ट्सच्या स्टॉलपाशी सोडलं, आणि गरी पाण्यात पडल्यापासून अर्ध्या तासात 'पाणी सुकतंय, आता चला' म्हणाला. पैसे मात्र पुरते घेतले. मुलं रडत परतली. जाण्याआधी फोनवर स्पष्ट बोला: फक्त गरवणं, इतके तास, होडी नांगरून उभी राहणार, आमिष कोण आणणार. हे चार मुद्दे मेसेजवर लिहून घ्या.

खाडीकाठ
वरच्या कुणीच भरती-ओहोटीचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. होडी कितीची आणि रील कुठलं हे नंतर बघा, आधी पंचांग उघडा.

तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊण म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास खाडी भरलेली असेल, आणि दोन्हींच्या मध्ये साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. कृष्णपक्षातही हाच हिशेब. मुंबई-अलिबागकडे हे बरोबर बसतं, मालवणकडे तासभर आधी धरा. पाणी किती चढतं त्यातही फरक आहे. मुंबईला उधाणात चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं, मालवणला दोनच्या आसपास. म्हणून उत्तरेच्या खाड्यांमध्ये सुकतीला चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि होडी धक्क्याला लागत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जबर असते. जिताडा, तांबोशी अशा वेळी चालतात हे खरं, कारण बारीक मासळी आणि कोलंबी प्रवाहाबरोबर खेचली जाते आणि मोठे मासे खांबाच्या, खडकाच्या आडोशाला टपून बसतात. पण तुमच्यासोबत सहा वर्षांची मुलगी आणि 72 वर्षांचे आजोबा आहेत. शिसं तळाला टिकत नाही, दोऱ्या एकमेकांत गुंततात, मुलं कंटाळतात. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, खाडी शांत. मोठा मासा कमी लागेल, पण मुडदुशे (वाळूच्या तळाचे छोटे मासे) आणि शेंगट्या (काटेवाले मासे) भरपूर. पाणी फिरण्याच्या आधीचा आणि नंतरचा तास सोडू नका. तारखा सांगितल्यात तर कुठला दिवस बरा ते सांगतो.

रीलवाला_ठाणे
खाडीकाठ, मुडदुशे धरायला कोणी एवढं लांब जातं का?

खाडीकाठ
अकरा वर्षांचा मुलगा जातो. वाळूचा तळ, करंगळीच्या नखाएवढी गरी, वाटाण्याएवढं शिसं आणि सोललेल्या कोलंबीचा तुकडा. तुकडा गरीपेक्षा जेमतेम मोठा ठेवायचा, नाहीतर मुडदुसं तोंड बारीक असल्यामुळे कुरतडून नेतं. टाकलं की थोडं थोडं ओढत राहायचं. टुक-टुक असं दोनदा जाणवतं, तिसऱ्याला हलकेच उचलायचं. जोरात हिसडा दिला की ओठ फाटून सुटतं. मुलांना हे एका सकाळीत येतं. लूर फेकायला शिकवण्यात तुमचा अर्धा दिवस जाईल आणि तीन काट्यांची गरी कुणाच्या तरी कानात अडकेल.

दर्यावर्दी_86
मालवणला जाताय तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत गरी टाका. तिथे गोबरा असतो, आम्ही लहानपणी काढायचो.

देवबागकर
तसा सांगू नकात. थय 1987 पासून सागरी अभयारण्य आसा, किल्ल्याच्या भोवतीचो भाग तर गाभ्यातलो. बाहेरच्या माणसान थय गरी टाकूची नाय. आमचेच लोक आधी पर्ससीन (मोठी वेढा घालूची जाळी) आणि एलईडी दिवे लावन मासे धरणाऱ्यांमुळे टेकीस इलेत, त्यात अभयारण्यावरून नवो वाद नको.

दर्यावर्दी_86
पर्ससीनवाल्यांना आवरा आधी, एका गरीने काय होतंय?

दोन_मुलांची_आई
विषय भलतीकडे चाललाय. सायली, मुलांसाठी लाइफ जॅकेट स्वतःचं न्या, होडीवर मोठ्यांच्याच मापाची असतात. घालून झाल्यावर खांद्यापाशी धरून मुलीला वर उचलून बघ. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मांड्यांमधून पट्टा असलेलं घे. काठावर जाणार असलात तरी मुलीला घालूनच ठेव. होडीवर शौचालय नसतं, त्यामुळे दोन तासांपेक्षा जास्त ठरवू नका. चपला नकोत, पायात घट्ट बसणारे बूट हवेत, कारण खडकावरच्या कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात. आणि प्रत्येकाला गळ्यात दोरी असलेली टोपी.

आमच्या वेळी सगळं सामान आणलं आणि खाणं विसरलो नाही म्हणून दिवस निभावला. मासा लागेपर्यंत मुलांना चकली लागते.

परिचारिका_सातारा
वर शेंगट्या भरपूर मिळतील असं सहज लिहिलंय, म्हणून सांगते. शेंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन काटे असतात, दातेरी आणि विषारी. ती ताठ करते तेव्हा काटे कुलपासारखे अडकतात. मुलांना हात लावू देऊ नका. पक्कडीने गरी सोडवा, जमत नसेल तर तंगूस कापून टाका. पाकटाच्या शेपटीलाही तसाच काटा असतो, वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे ते आधीच सरकतं. टोचलंच तर जखम धुवून सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवायची, त्याने वेदना उतरतात. पाणी आधी धडधाकट माणसाने स्वतःच्या हाताने तपासायचं, दुखणाऱ्या हाताला चटका कळत नाही. मग डॉक्टरकडे: काटा आत राहिलाय का ते बघणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. थर्मासमध्ये गरम पाणी घेऊनच निघा.

मस्कतकर
इकडे मस्कतला काठावरूनच शेरी मासा मिळतो, होडीची गरजच नाही. लांब 12 फुटी सर्फ रॉड घ्या. सासऱ्यांना खुर्चीवर बसवून त्यांच्या हातात द्या.

रीलवाला_ठाणे
12 फुटी रॉड 72 वर्षांच्या माणसाला? खांदा जाईल त्यांचा. आणि तो रॉड 5,000 मध्ये बसणार नाही.

मस्कतकर
तुमचं रील तरी कुठे बसत होतं?

जीव_वाचवा
मासे धरा, पण सोडून द्या, मुलांना तेच शिकवा. गरीचं उलटं टोक पक्कडीने दाबून टाकलं की मासा लवकर सुटतो. हात ओला करून धरायचा.

सुकी_मासळी
धरलेलं मुडदुसं तळून खाल्लं नाही तर दिवस वाया गेला. आमच्या घरी पोरांनी धरलेला पहिला मासा देवाला दाखवून मग तव्यावर जातो. खायचा नसेल तर माशाला त्रास तरी कशाला द्यायचा?

जीव_वाचवा
पिल्लं तरी सोडा. 2023 पासून महाराष्ट्रात 54 जातींना किमान आकाराचा नियम आहे. पोटात अंडी असलेली कुर्ली (खेकडी) लागली तर तीही सोडा.

सुकी_मासळी
पिल्लं सोडतोच की. त्यावर वाद नाही.

नवीन_सभासद
माझ्या मते भरती-ओहोटी बघून जावं. पंचांगात तिथी असते.

मनस्ताप_डोंबिवली
आणि होडीवाल्याकडून लिहून घ्या. परत सांगतो.

सायली_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरी बसून धागा मोठ्याने वाचला, सासऱ्यांनी दोनदा थांबवून भरतीचा भाग परत वाचायला लावला. तिथीला पाऊणचा हिशेब त्यांना येत होताच.

आम्ही देवबाग रद्द केलं. मालवणपर्यंतचा प्रवास एवढ्या मुक्कामाला लांब पडतो, आणि होडीत चढ-उतार करताना बाबांचे गुडघे दुखावतील ही भीती मला सोडत नव्हती. ताम्हिणी-माणगाव-मंडणगड असं करून आंजर्ल्याला जातोय. होडी नाही. खाडीच्या काठी जिथे गाडी जवळ नेता येते तिथे खुर्च्या टाकून बसणार. रॉडही एकच, मुलासाठी, दुकानातला साधा 6 फुटी, रीलसकट 1,800 ला मिळाला. बाकी आम्ही सगळे हातदोरीने. बारीक गऱ्या, शिसं, तंगूस, पक्कड, थर्मास सगळं बॅगेत भरलंय. मुलीचं पट्ट्याचं जॅकेट आलं, उचलून बघितलं, कानापर्यंत जात नाही. मुडदुशे लागले तर खाणार, छोटे सोडणार. काही नाहीच लागलं तर संध्याकाळी हर्णै बंदरावर लिलाव बघायला जाऊ, मासे तिथून येतील.

खाडीकाठ, आम्ही तिकडे आहोत तेव्हा सप्तमी आणि अष्टमी आहे. चालेल ना?

खाडीकाठ
उत्तम. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाला खाडी भरलेली असेल. उजाडताना गरी पाण्यात हवी, नऊ-साडेनऊपर्यंत सुकतीवर गरवा. त्यानंतर पाणी मागे जाईल आणि चिखल उघडा पडेल, मुलांना त्यात उतरू देऊ नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. तुटलेलं तंगूस काठावर टाकू नका, बगळ्यांच्या आणि कासवांच्या गळ्यात अडकतं. एका डब्यात भरून परत आणा. कोलंबी आदल्या संध्याकाळी हर्णैलाच ताजी घ्या.

देवबागकर
होडी नाय म्हणजे अर्धो मजो गेलो. पण आजोबांका बरा पडात. पुढच्या खेपेक देवबागात.

रीलवाला_ठाणे
1,800 च्या रीलला खारं पाणी लागलं की दोन महिन्यांत बेअरिंग जाम होतं. परत आल्यावर गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, ड्रॅग (दोरीचा ताण ठरवणारा खटका) घट्ट करून, म्हणजे आत पाणी जात नाही. वाळवून तेलाचा एक थेंब. कुठल्या कंपनीचं घेतलंत?

घाटवेडा
ताम्हिणीने जाताय तर पहाटे निघा, सुट्टीत माणगावला गाड्यांची रांग लागते.