फोर बाय फोर लागतं, पण पुढची चाकं ओढत नाहीत – मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. जुनी डिझेल पिकअप आहे, पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी मागच्या दोन चाकांवर चालते, हवं तेव्हाच चारही चाकांना ताकद जोडायची), मॅन्युअल गिअर, पुढचे हब (चाक शाफ्टला जोडणारे भाग) व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतून हवा ओढली की लॉक होणारे. पावसात शेताकडची वाट म्हणजे नुसता लाल राडा, टू-व्हीलवर गाडी तिथंच रुतते.

फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकलं की डॅशवरचा दिवा लुकलुकत राहतो, स्थिर होत नाही. इंजिन चालू ठेवून, फोर-हायमध्येच पुढचं एक चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं, तर चाक सुटं फिरतं, आतला अ‍ॅक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) जागचा हलत नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच. म्हणजे हब लॉक होत नाहीत, असं मला वाटतं. नकलच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या) मागची व्हॅक्यूमची रबरी नळी चिखलाने बरबटलेली, टोकाला चिरही दिसते.

मिस्त्री मात्र म्हणतो, ट्रान्सफर केसच (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) बदला. खर्च ऐकून घाम फुटला! त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, कारण फोर-लोमध्ये (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) चढावर जोर दिला की खालून कट्-कट् आवाज येतो आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर आपोआप न्यूट्रलला सरकतो. केसचं ऑइल काढून बघितलं, काळं होतं पण लोखंडाचा चुरा नव्हता.

हे दोन वेगळे आजार आहेत का? आधी व्हॅक्यूमच्या नळ्या आणि सील बदलून बघू? लिव्हर सरकतो तो लिंकेजमुळे (लिव्हर केसला जोडणाऱ्या दांड्यांमुळे) की आतली चेन सैल झाल्यामुळे, हे केस न उघडता कसं ओळखायचं? बेळगाव, निपाणी, चंदगडकडे ट्रान्सफर केस खोलणारा जाणकार माणूस असेल तर तेही सांगा.