मदत हवी आहे: खळ्यात लावायला स्पीकर कोणते घ्यावेत?

मंडळी, मालवणजवळ आमचं घर आहे, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. मागच्या खळ्यात बसायची जागा केली आहे, साधारण ३० बाय २० फूट. गणपतीत आणि मे महिन्यात पंधरा-वीस माणसं जमतात, तेव्हा गप्पांच्या मागे गाणी हवीत. डीजे नकोय.

गेल्या वर्षी घरातलेच दोन स्पीकर पडवीत टांगले होते. एका पावसाळ्यात जाळी गंजली, टर्मिनलवर हिरवा थर आला आणि एकात मुंग्यांनी संसार थाटला!

आता दुकानदार आयपी६५ रेटिंगचे स्पीकर दाखवतोय. पण तो आकडा धुळीचा आणि पाण्याच्या फवाऱ्याचा. खाऱ्या हवेचं काय? स्टीलचे स्क्रू नि ब्रॅकेट किती टिकतात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीच सांगावं.

दुसरं, भिंतीवर दोन मोठे लावू की कडेने चार छोटे? उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, म्हणून मला चार छोटे पटतात: माणसांच्या जवळ असले की हळू लावूनही ऐकू येतात. शेजारच्या आजोबांनाही त्रास कमी. (माडाच्या बुंध्याला लावा म्हणणाऱ्यांनो, नारळ पडतात हो.)

ॲम्प्लिफायर माजघरात राहील, वायर ६०-७० फूट. ८ ओहमच्या स्पीकरला दीड चौरस मिमीची तांब्याची वायर पुरेल ना? की १०० व्होल्ट लाइनचे (लांब वायरीवर जास्त व्होल्टेजने सिग्नल नेणारे) स्पीकर घ्यावेत? ब्लूटूथवाले नकोत, चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ते सारखे तुटतात.

बजेट २५ हजार, ॲम्प्लिफायर धरून. चतुर्थीआधी बसवायचेत.