अमेरिकेच्या राजकारणात अब्रूला किंमत उरली आहे का?

खडूस नाना:
शनिवार, २० ऑक्टोबर १९७३. राष्ट्राध्यक्ष निक्सनने ॲटर्नी जनरल (न्यायखात्याचा प्रमुख) रिचर्डसनला फर्मावलं, वॉटरगेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीच्या प्रकरणाचा, तपास करणाऱ्या कॉक्सला घरी पाठवा. पण गंभीर गैरवर्तनाशिवाय कॉक्सला हात लावणार नाही, असा शब्द रिचर्डसनने नेमणुकीच्या वेळी सिनेटला दिला होता. त्याने राजीनामा दिला. हाताखालच्या रकेल्सहाउसनेही नकार दिला, तोही गेला. दोघेही निक्सनच्याच पक्षाचे, त्यानेच नेमलेले. आज कोण सोडतो खुर्ची? राबवणाऱ्याला चाड नसेल तर कायदा नुसता कागद.

मेघना, न्यू जर्सी:
नाना, गोष्ट अर्धीच सांगितलीत. न्यायखात्यातल्या तिसऱ्या नंबरच्या बोर्कने त्याच रात्री कॉक्सला काढलंच की!

आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही त्यांना वीहॉकनला नेतो. समोर हडसन नदी, पलीकडे मॅनहॅटन. सगळे हॅमिल्टनच्या (अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री) पुतळ्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. तिथेच खाली, ११ जुलै १८०४ ला, आरन बरने (पदावरचा उपराष्ट्राध्यक्ष हो!) पिस्तुलांच्या द्वंद्वात हॅमिल्टनला गोळी घातली. कारण काय, तर एका जेवणात हॅमिल्टन त्याच्याबद्दल लागट बोलला आणि ते पेपरात आलं. हॅमिल्टनचा थोरला मुलगा १८०१ मध्ये असाच द्वंद्वात गेला होता. तरी बाप द्वंद्वाला गेलाच, कारण आव्हानाला नाही म्हटलं तर चार लोकांत तोंड दाखवायची सोय नाही. ही तुमची अब्रू.

खडूस नाना:
ताई, ती अब्रू नव्हे, ताठा.

पंतोजी:
फरक इतका सोपा असता तर काय हवं होतं! १८५६ चं बघा. सिनेटर समनरने गुलामगिरीविरुद्धच्या भाषणात बटलर या सिनेटरची टर उडवली. बटलरचा नातलग, प्रतिनिधीगृहातला प्रेस्टन ब्रुक्स, २२ मे रोजी थेट सिनेटच्या सभागृहात गेला. समनर टेबलाशी लिहीत बसला होता. ब्रुक्सने सोन्याच्या मुठीची काठी त्याच्या डोक्यात घालायला सुरुवात केली, ती काठीचे तुकडे होईपर्यंत. टेबल जमिनीला पक्कं बसवलेलं, त्याखाली समनरचे पाय अडकलेले. उठायच्या धडपडीत त्याने ते उखडलं.

द्वंद्वाचं आव्हान का दिलं नाही? ते बरोबरीच्या माणसाला द्यायचं असतं. ब्रुक्सच्या लेखी समनर त्या लायकीचा नव्हता. कोर्टाने ३०० डॉलर दंड केला. ब्रुक्सने राजीनामा दिला, मतदारांनी त्यालाच परत निवडून दिलं आणि चाहत्यांनी नव्या काठ्या पाठवल्या. म्हणजे तोही अब्रूचाच राजीनामा, नाना!

खडूस नाना:
ब्रुक्सने दिला तो मिरवायला. रिचर्डसनने दिला तो शब्दासाठी. आणि मेघनाताई, कॉक्स गेला खरा, पण लोक असे खवळले की निक्सनला त्याच्या जागी जावोर्स्कीला नेमावं लागलं. त्यानेही निक्सनच्या संभाषणांच्या टेप्सचा पिच्छा सोडला नाही.

मेघना, न्यू जर्सी:
हो, आणि त्या मिळाल्या जुलै १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८-० निकाल दिला म्हणून. उद्या लोक खवळलेच नाहीत तर? शब्दाच्या पक्क्या माणसाचा राजीनामा मंजूर, आणि बोर्क रांगेत उभाच.

पंतोजी:
अवांतर: केंटकीत आजही पद स्वीकारताना ‘मी प्राणघातक शस्त्राने द्वंद्व खेळलेलो नाही’ अशी शपथ घ्यावी लागते. कायद्याने अब्रूला एवढं तरी वेसण घातलं.

खडूस नाना:
घालू दे. पण रांगेतला तो तिसरा माणूस कसा असावा, हे कुठल्या कलमात लिहायचं, ते सांगा.