भाडेकरू गेले, आधी रंग की आधी सफाई?

कोथरूडकर: अकरा महिन्यांचा करार संपला, मुलं काल गेली. नवं कुटुंब १ तारखेला येतंय. ओटा बरा आहे, पण एक्झॉस्ट फॅनवर तेलाचा इतका थर, की नखाने खरवडल्यावर कळलं पाती पांढरी आहेत! बाथरूमच्या टाइल्सवर बोअरच्या पाण्याचे डाग. सुरुवात कुठून करू?

नाशिकची मावशी: आधी रंग. सफाई आधी केलीत तर फरशी दोनदा पुसाल. झुरळांचं जेल अगदी शेवटी, नाहीतर पुसण्यात जातं. फॅनची पाती प्लास्टिकची असतील तर काढून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा. ॲल्युमिनियमची असतील तर नको, काळी पडतात.

घरमालक२: क्षाराच्या डागांना व्हिनेगर लावा, दहा मिनिटांनी घासा. ओटा कडाप्प्याचा असेल तर त्यावर थेंबही नको. माझ्या ओट्यावर ॲसिडचे पांढरट चट्टे पडलेत, ते कायमचे. आणि ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. किल्ल्या देण्याआधी वीजमीटरचा फोटो काढा.

कोथरूडकर: पाती भिजवली, पाणी चहासारखं झालं! माळ्यावर मुलांची बॅट सापडलीये. फोन केलाय, रविवारी न्यायला येतील.