आईच्या डोळ्यातून सारखं पाणी, नळी टाकावी का? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही परभणीकडचे. आईच्या (वय ५८) डाव्या डोळ्यातून वर्षभर झालं पाणी गळायलंय, पदरानं पुसून पुसून डोळ्याखालची कातडी लाल झाली अन् सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. संभाजीनगरला बोथट सुईनं पाणी सोडून तपासलं तर थोडंच घशात उतरलं, बाकी परत डोळ्यातूनच आलं, म्हणजे अश्रूनलिका (डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी वाट) अर्धवट बंद. एक डॉक्टर सिलिकॉनची बारीक नळी टाकून ३ ते ६ महिने ठेवू म्हणायलेत, दुसरे म्हणले थेट डीसीआरचं ऑपरेशन करा, त्यात हाडातून नाकात नवीन वाट काढतात. हाड म्हणलं की आई घाबरायली. मोठ्या माणसात कुणी नळी टाकलीय का? काढल्यावर पाणी परत सुरू झालं का? नळी डोळ्याच्या कोपऱ्यात टोचते का, शेतातल्या धुळीचं काय? अनुभव असेल तर प्लीज सांगा, सोमवारी जायचंय.