कोरी पाटी घेऊन 'द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग' बघायचा?

सावनी_डोंबिवली: 'द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग' या इंडोनेशियातल्या हत्याकांडावरच्या माहितीपटाबद्दल काल इथे एकाने लिहिलं, "हा माहितीपट बघण्याआधी काही वाचू नका, कोरी पाटी ठेवा." वाचून डोकं फिरलं. कोऱ्या पाटीला दिसणार काय? मेदान शहरातले चार गुंड, आणि तारेने गळा कसा आवळायचा ते गच्चीवर दाखवून चा-चा नाचणारा अन्वर काँगो. विकृत माणसं, संपला विषय! पण त्यांच्या हाती माणसं दिली कुणी? 1 ऑक्टोबर 1965 च्या पहाटे जाकार्तात सहा जनरल मारले गेले, खापर कम्युनिस्टांवर फुटलं, लष्करातल्या जनरल सुहार्तोंनी सूत्रं घेतली आणि काही महिन्यांत निदान पाच लाख लोक मारले गेले. हे ठाऊक नसेल तर लष्कर नामानिराळं राहतं.

निनाद७: साफ असहमत. सुरुवातीला चार ओळींत सांगतात की. माझ्या आईला सुहार्तो कोण हे आजही माहीत नाही. अन्वर स्वतःचं चित्रीकरण बघून कुरकुरतो की तेव्हा, माणसं मारताना, पांढरी पँट घातली नसती, तिथे तिने टीव्ही बंद करायला लावला. तिला काय कळायचं राहिलं? आणि इतिहास म्हणजे कुणाचा? तिथल्या पोरांना कम्युनिस्टांनाच दोषी ठरवणारा 1984 चा सरकारी चित्रपट दरवर्षी दाखवायचे, सुहार्तोंची सत्ता जाईपर्यंत. 'इतिहास' त्यांनाही पाठ होता!

गुरुजी_सातारा: दोष शाळेचा. इंडोनेशिया म्हणजे बांडुंगची आशियाई-आफ्रिकी परिषद, 1955, टीप लिहा. ती परिषद भरवणाऱ्या राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंचं दहा वर्षांत काय झालं, कोण सांगतं? मी वर्गात सांगायला घेतलं तर मुख्याध्यापक म्हणाले, आधी पोर्शन संपवा.

मराठवाडी: सर, इंडोनेशिया राहू द्या. पुण्यात माझ्या हापिसात 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो हे एकाला सांगता आलं नाही. आजोबा रझाकारांच्या भीतीने रात्री शेतात लपायचे. आधी ते शिकवा.

गुरुजी_सातारा: शिकवतो! तुम्ही आलात का कधी वर्गात? उगाच मास्तरांवर घसरायचं.

मराठवाडी: तुमच्या एकट्याच्या वर्गाने राज्य चालत नाही.

सावनी_डोंबिवली: दोघांनी वेगळा धागा काढा, कृपा करा. निनाद, सरकारी चित्रपटाचं म्हणणं बरोबर, पण ते माझ्याच बाजूचं आहे. खोटा इतिहास ओळखायलाही खरा लागतो. शेवटची श्रेयनामावली बघितलीस? ओळीमागून ओळ 'अनामिक'. 2012 मध्येही तिथल्या लोकांना स्वतःचं नाव लावायची भीती होती. आईंनी तर तोवर टीव्ही बंद केला होता.

निनाद७: श्रेयनामावलीचं मान्य. तेवढंच. आईला बघण्याआधी पुस्तक हातात दिलं असतं, तर तिने सिनेमा लावलाच नसता.